पीएएचच्या गोळ्यांचा डोस घरच्या घरी बदलावा का?

आईला पीएएच (फुफ्फुसाच्या धमन्यांमधला वाढलेला रक्तदाब) आहे, डॉक्टर मुंबईला, तुम्ही यावलला. दरवेळी जाणं होत नाही म्हणून डोस आपणच कमी-जास्त केला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही, कृपा करून तसं करू नका. या गोळ्या एकदम बंद झाल्या तर तब्येत झपाट्याने ढासळू शकते, म्हणून संपायच्या आठवडाभर आधीच मागवा.

पीएएचची बोसेंटान ही गोळी साधारण 62.5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करतात आणि चार आठवड्यांनी 125 वर नेतात, पण यकृताची तपासणी बघूनच. ही तपासणी दर महिन्याला हवी. ती भुसावळ-जळगावला होते, रिपोर्ट डॉक्टरांना व्हॉट्सॲप करा.

खरी काळजी घ्यायची ती लघवीच्या, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढणाऱ्या गोळीची. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं किंवा पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला, तर लगेच फोन करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो. तेव्हा उठताना चक्कर आली, लघवी कमी झाली, तर तोच डोस जास्त ठरू शकतो. त्याच दिवशी विचारा.

लघवीची गोळी स्पायरोनोलॅक्टोन असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासा, ते तिने वाढू शकतं आणि केळ्यातही असतं. घरची केळी असली तरी रोज किती चालतील, हे विचारून घ्या.

आणि पीएएचचीच सिल्डेनाफिल ही गोळी चालू असताना छातीत दुखलं म्हणून कुणी जिभेखाली सॉर्बिट्रेट (हृदयाच्या दुखण्यावरची गोळी) देऊ लागलं, तर हात धरून थांबवा. दोन्ही मिळून रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो.