धर्मग्रंथ नाही, रबी (ज्यू धर्मगुरू) नाही, तरी कोकणातले ज्यू इतक्या पिढ्या ज्यूच कसे राहिले?

मी स्वतः बेने इस्राएल, म्हणजे याच कोकणातल्या ज्यूंपैकी आहे. जन्म ठाण्याचा, आजोळ अलिबागचं, आणि आडनाव आमच्यातल्या बहुतेकांसारखंच गावाला ‘कर’ लावून झालेलं. तुम्ही विचारलेला प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला जिवंत लागल्या, आणि पोथ्या समुद्रात गेल्या. हे कोणत्या शतकातलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. तुमच्या प्रश्नापुरतं महत्त्वाचं आहे ते मागे काय उरलं हे. शनिवारची विश्रांती उरली, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ या प्रार्थनेची एक ओळ: हे इस्राएला ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच. बाकीची हिब्रू विसरली गेली होती. म्हणून बाळ जन्मलं तरी शेमा, लग्नात शेमा, माणूस गेला तरी शेमा.

आमचे पूर्वज घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यावरून गावाने नाव पाडलं ‘शनिवार तेली’. मला हे नाव फार मोलाचं वाटतं, कारण ते शेजाऱ्यांनी दिलेलं आहे. एखाद्या शनिवारी घाणा फिरला असता, तर आज काय झालं म्हणून पहिल्यांदा शेजाऱ्यानेच विचारलं असतं. आमची ओळख आमच्याइतकीच गावानेही लक्षात ठेवली.

जातिव्यवस्थेचाही यात वाटा आहे, हे मान्य केलं पाहिजे. प्रत्येक जातीची पंगत वेगळी, सोयरीक वेगळी. तिथे आणखी एक वेगळा समाज कुणाला खटकला नाही. युरोपात ज्यू म्हणून जे भोगावं लागलं, ते इथे आम्हाला भोगावं लागलं नाही. पण तीच व्यवस्था आमच्या घरातही शिरली. बाहेरच्या बाईपासून झालेल्या संततीला ‘काळे इस्राएल’ म्हणत, आणि ‘गोरे इस्राएल’ त्यांच्याशी रोटीबेटी व्यवहार करत नसत. ओळख टिकली ती याही किमतीवर. मला त्याची लाज वाटते, आणि ते लपवावं असं वाटत नाही.

तरी तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर स्वयंपाकघरात आहे, असं मी म्हणेन. माझी आजी अलिबागच्या बाजारात मासा हातात घेऊन अंगठ्याच्या नखाने शेपटीकडून डोक्याकडे खरवडायची. खवलं निघालं की मासा पिशवीत. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी कधी घरात आली नाही. कोकणात राहून कोळंबी न खाणं ही काय गोष्ट आहे, ते कोकणातल्या माणसालाच कळेल! दाविद राहाबी नावाच्या ज्यूने आमच्या लोकांना ओळखलं, ते याच खुणेवर, अशी कथा आहे. त्याने बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले आणि त्यांनी पर-खवल्यांचे तेवढे निवडून बाकीचे बाजूला केले. मटणाशी दूध चालत नाही, तर रस्सा नारळाच्या दुधाचा. शुक्रवारी सकाळी काळ्या मनुका भिजत पडायच्या. संध्याकाळी त्या कुस्करून, गाळून केलेल्या सरबतावर आजोबा आशीर्वाद म्हणायचे, कारण द्राक्षाची कोशर, म्हणजे आमच्या धर्मनियमांत बसणारी वाइन आणणार कुठून?

सणांची हिब्रू नावं गेली तरी सण राहिले. रोश हशाना (नवं वर्ष) म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर (प्रायश्चित्ताचा दिवस) म्हणजे दारफळणी. तिशा बआवच्या उपासाला बिरड्याचा रोजा म्हणत. नाव कोकणातलं, शोक मात्र जेरुसलेमच्या मंदिराचा.

पुढे पुस्तकंही परत आली. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 मध्ये त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधलं. मस्जिद बंदरचं नाव त्याच ‘मशिदी’वरून पडलं असं आम्ही सांगतो. कोचीनचे ज्यू शिकवायला आले. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्यांचा हेतू धर्मांतराचा होता. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि बहुतेकांनी धर्म आपलाच ठेवला. 1874 मध्ये पुण्यात मराठी हागादा (वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी) निघाली, तिच्या चित्रात बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायका साडीतल्या आहेत.

सगळ्यात जास्त दुखावलं गेलं ते मात्र इस्राएलमध्ये. 1962 मध्ये तिथल्या रबीनेटने (मुख्य धर्मगुरूंच्या संस्थेने) आदेश काढला की बेने इस्राएलांचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. ज्यांनी पोथीशिवाय शनिवार पाळला, त्यांना कागद मागितले! लोक रस्त्यावर उतरले, धरणं धरलं, आणि 1964 मध्ये आमची बरोबरी मान्य झाली. माझे एक काका त्या काळात तिथे होते. पुढे त्यांनी तो विषय घरात कधी काढला नाही.

आता भारतात आम्ही काही हजारच उरलो आहोत. इस्राएलला गेलेल्यांची मुलं हिब्रू बोलतात. अश्दोदला माझ्या भाचीला मुलगी झाली, तेव्हा तिने मलिदा करायचं ठरवलं. एलियाहू हन्नबीचं (संदेष्टा एलियाचं) नाव घेऊन आम्ही गोड पोह्यांचं ताट वाढतो, भोवती फळं मांडतो, तो हा विधी. भाचीला मराठी तुटकंच येतं. तिने व्हिडिओ कॉल लावला, पोह्यांचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं आणि विचारलं, “मावशी, हे किती वेळ भिजवायचं?”

मी म्हटलं, “भिजवू नकोस गं, लगदा होईल. धुऊन निथळत ठेव. ओल्या खोबऱ्याने आपोआप मऊ होतात.”