आधी माणूस, मग यान

तुझ्या अंतराळकथेचा पहिला भाग वाचला. यान कसं चालतं याला चार पानं, आणि कप्तानाला कशाची भीती वाटते याला एक ओळही नाही! 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळयानावरची अमेरिकन टीव्ही मालिका १९८७ साली सुरू झाली, पण माझ्या मते बहरली ती तिसऱ्या वर्षी, मुख्य लेखक मायकेल पिलर यांनी कथा पात्रांभोवती बांधायला घेतल्यावर. १९९० मधला 'फॅमिली' हा भाग बघच. बोर्ग या अर्धयांत्रिक शत्रूंच्या तावडीतून सुटलेला यानाचा कप्तान पिकार्ड फ्रान्समधल्या घरी जातो, भावाशी चिखलात झोंबतो आणि ढसाढसा रडतो. एकही अंतराळयुद्ध नाही, तरी नजर हलत नाही. सूर गंभीर असू दे, पण सतत काळोख नको; जेवताना चाललेली थट्टाही लिही. यानाचं वर्णन निम्म्यावर आण, आणि कप्तानाला घरून आलेलं एक पत्र वाचू दे.