वयानुसार हृदयातली जनुकं बदलतात का? आणि या संशोधनाचा खेड्यातल्या माणसाला उपयोग काय?

तुम्ही विचारलंय की डीएनए जन्मभर तोच, मग म्हातारपणी हृदयात बदलतं काय. आणि हे शोधून खेड्यातल्या माणसाच्या हाती काय लागणार. मी याच विषयावर, उंदरांच्या हृदयावर काम करतो. मूळ गाव हिंगणघाटकडचं, त्यामुळे दुसरा प्रश्न गावी गेलो की हमखास येतोच.

जनुकं जवळपास तीच राहतात, बदलतो त्यांचा वापर. सातबाऱ्यावर जमीन तेवढीच असते, पण कुठं पऱ्हाटी, कुठं तूर आणि कुठं पडीक हे दरसाल बदलतं, तसंच. प्रथिनं बनवणारी सुमारे 20,000 जनुकं आहेत. त्यांतली कोणती चालू, कोणती बंद, हे डीएनएवर चिकटणारे मिथाइल गट (बारीक रासायनिक खुणा), मायक्रोआरएनए (जनुकाचा निरोप अडवणारे बारीक रेणू) असे बरेच घटक मिळून ठरवतात. वय झालं की हा कारभार ढिला पडतो.

हृदयाची अडचण अशी की जुन्या पेशी बदलून मिळत नाहीत. पूर्वीच्या अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेला कार्बन-14 (किरणोत्सारी कार्बन) माणसांच्या पेशींमध्येही उतरला होता. तो मोजला की पेशी कधी जन्मली ते कळतं. त्यावरून स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने 2009 मध्ये दाखवलं की पंचविशीत हृदयाच्या स्नायुपेशी वर्षाला साधारण 1 टक्का नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त पेशी आयुष्यभर त्याच. त्यांनीच दिवसाला लाखभर ठोके मारायचे.

आमच्या शेजारच्या बाबाजींनी मागं रिपोर्ट दाखवला. "पंपिंग साठ टक्के हाये, चांगलं हाये म्हन्ते. मंग धुऱ्यापर्यंत गेलो तं दम काहून लागते?" प्रश्न एकदम नेमका. साठ टक्के हा आकडा हृदय आवळण्याचा. म्हाताऱ्या हृदयाचं दुखणं बऱ्याचदा सैल पडण्यात असतं. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतलं कॅल्शियम परत साठवणीत ओढून न्यावं लागतं. ते काम सर्का नावाचं प्रथिन करतं. वयानुसार ते मंदावतं, जोडीला स्नायूंत तंतू साचतात, हृदय ताठर होतं आणि रक्ताचा दाब मागं फुफ्फुसांकडे चढतो. रिपोर्टात हे खाली कुठंतरी 'डायस्टोलिक डिसफंक्शन' म्हणून लिहिलेलं असतं. त्यातला ग्रेड एक म्हाताऱ्यांत सर्रास दिसतो, नुसत्या त्या शब्दाने घाबरू नका. दम लागत असेल, पायावर सूज असेल, तर मात्र डॉक्टरांना तो वाचायला लावा.

प्रयोगशाळेत नेमकं काय करतो? दोन वर्षांचा उंदीर म्हणजे म्हाताराच. त्याचं हृदय काढलं की लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकायचं, कारण आरएनए, म्हणजे चालू जनुकाचा निरोप नेणारा रेणू, फार लवकर खराब होतो. हृदयाची स्नायुपेशी लांबलचक, नेहमीच्या यंत्राच्या बारीक नळीतून जात नाही. म्हणून पेशी फोडून फक्त केंद्रकं वेगळी काढतो आणि एकेका केंद्रकात कोणती जनुकं चालू होती ते वाचतो. काम कंटाळवाणं आहे, पण उत्तर इथंच सापडतं.

"हृदय तरुण करणारा घटक सापडला" अशा बातम्या मात्र जपून वाचा. 2013 मध्ये अमेरिकेत जीडीएफ-11 नावाच्या प्रथिनाचा असाच गाजावाजा झाला. 2015 मध्ये दुसऱ्या गटांनी तपासलं तर तो दावा टिकेना.

आता उपयोगाचं. जनुकांची कामगिरी सुधारून हृदय तरुण करणारं औषध आज बाजारात नाही. अशा ताठर हृदयाच्या रुग्णांना ज्यांचा फायदा दिसला, ती एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन ही मुळात मधुमेहाची औषधं. 2021 आणि 2022 च्या मोठ्या चाचण्यांत त्यांनी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण कमी केलं. आमच्या जनुकशास्त्रातून ती आलेली नाहीत, हे खरं. पेटंट संपल्यामुळे दोन्ही आता स्वस्तही मिळतात. पण किडनीची तपासणी पाहून डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यायची, मेडिकलवाल्याला विचारून नाही. आणि बीपीची गोळी "आता बरं वाटते" म्हणून बंद करायची नाही. हृदय ताठर करण्यात वयाच्या खालोखाल बीपीचाच हात असतो.