पोलीस वॉरंटशिवाय घराची झडती घेऊ शकतात का? नकार दिला तर?

‘वॉरंट दाखवा, नाहीतर आत पाऊल टाकू देणार नाही, असं सांगता येतं का? घटनेने तेवढं संरक्षण दिलंय ना?’ असं तुम्ही विचारलंय. सांगून बघा. सरकारी कामात अडथळा आणला म्हणून तुमच्यावर वेगळा गुन्हा दाखल होईल आणि झडती व्हायची ती होईलच. वॉरंटचं हे खूळ आपण अमेरिकन मालिका बघून डोक्यात घेतलंय. आपल्याकडे ज्याच्याकडे गुन्ह्याचा तपास आहे तो अधिकारी, वॉरंट आणेपर्यंत वस्तू हाती लागणार नाही असं सकारण वाटलं, तर वॉरंटशिवाय झडती घेऊ शकतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६५ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८५. तेव्हा दार अडवण्यात अर्थ नाही. झडती कशी होते, तिथे मात्र तुम्हाला बरंच काही करता येतं, आणि नेमकं तिथेच आपले लोक शेपूट घालतात.

आमच्या घरी झडती झाली तेव्हा जुना कायदा होता. धाकट्या दिरांच्या भागीदारावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला होता. दिरांचं फिर्यादीत नाव नव्हतं, पण धंद्याची कागदं आमच्या माडीवर असायची. रात्रीची जेवणं चालू असताना जीप आली. एक फौजदार, काही शिपाई आणि मागच्या सीटवरून उतरलेले दोघेजण. मामंजी जन्मभर शिक्षक. त्यांनी हात जोडले आणि मला चहा टाकायला सांगितलं. मी चहा टाकला नाही. गुन्ह्याचा नंबर विचारला आणि नेमकं काय शोधताय तेही विचारलं.

“ताई, वकील आहात का?”

“नाही. बँकेत कॅशियर आहे.” मोजल्याशिवाय सही करायची नाही, याचाच मला पगार मिळतो.

ते दोघेजण म्हणजे पंच. त्यातल्या एकाला मी ओळखत होते, पोलीस ठाण्यासमोर त्याची चहाची टपरी आहे. कायदा म्हणतो, पंच त्याच वस्तीतले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत. तिथलं कोणी मिळालं नाही किंवा यायला तयार झालं नाही, तरच बाहेरचे. मी म्हटलं, आधी शेजारच्यांना बोलवा. एक शिपाई गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांत माणसं होती, खाली उतरायला एकही तयार नव्हता. मग टपरीवालाच पंच झाला. लोक पोलिसांना नावं ठेवतात की यांचे पंच ठरलेले असतात. बाबांनो, तुम्ही येत नाही म्हणून ते ठरलेले असतात! (लेखी आदेश देऊन बोलावल्यावर सबळ कारणाशिवाय पंच व्हायला नकार देणं हाही गुन्हा आहे, पण तो आदेश लिहायची तसदी सहसा कोणी घेत नाही.)

पंचनाम्यात हवालदाराने लिहिलं, ‘कागदपत्रांच्या फायली व एक लॅपटॉप’. बस, एवढंच. त्या फायलींत आमच्या घराचं खरेदीखत होतं, सासूबाईंच्या मुदत ठेवींच्या पावत्या होत्या. मी म्हटलं, एकेक कागद वेगळा लिहा, लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहा. यादीची प्रत हातात पडल्याशिवाय ‘प्रत मिळाली’ म्हणून सही करणार नाही, हेही सांगितलं. फौजदार चिडला, पण लिहायला लावलं त्याने. मध्यरात्र उलटून गेली.

मधल्या वेळात नणंदेचे यजमान येऊन पोचले होते. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. “वहिनी, कर नाही त्याला डर कशाला? नेऊ दे काय न्यायचं ते, लवकर सुटेल प्रकरण.” हे वाक्य मी आजतागायत प्रत्येक लग्नाकार्यात ऐकते आहे. माझ्या हट्टामुळे साहेब दुखावले, म्हणून वस्तू परत मिळायला वेळ लागला, हा त्यांचा सिद्धांत.

झालं काय ते सांगते. कोर्टात अर्ज करून मुद्देमाल सोडवला तेव्हा यादीत होतं ते सगळं मिळालं, खरेदीखतासकट. दिरांचा जुना मोबाइल मात्र मी माजघरात असताना एका शिपायाने उचलला होता, तो यादीत आलाच नाही. ठाण्यात विचारलं तर उत्तर तयार होतं: पंचनाम्यात नाही म्हणजे घेतलेला नाही. यावर दाजींचं काय म्हणणं आहे ते अजून कळलेलं नाही.

राहिली राज्यघटना. अमेरिकेसारखं अवाजवी झडतीविरुद्धचं स्वतंत्र कलम आपल्या घटनेत नाही. डिसेंबर १९४८मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत तशी दुरुस्ती मांडली होती. आंबेडकरांनाही ती उपयुक्त वाटली, तरी ती मंजूर झाली नाही. मग १९५४मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी त्याकडेच बोट दाखवलं: घटनाकारांनी ठेवलं नाही, आम्ही आणायचं कुठून? खडकसिंग खटल्यात १९६२ला रात्री-अपरात्री घरी येऊन बघून जाण्याचा पोलिसी नियम तेवढा रद्द झाला. २०१७मध्ये पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि शर्मा निकालातला त्याविरुद्धचा भाग पुसला. हे झालं कागदावर. झडती बेकायदा असली तरी त्यात सापडलेला पुरावा तेवढ्याने बाद होत नाही, ही भूमिका सुप्रीम कोर्टाने पुट्टस्वामीच्या कितीतरी आधी घेतली होती आणि आजही खटले त्याच वाटेने जातात. अमेरिकेत असा पुरावा सहसा फेकला जातो. म्हणून ‘नंतर कोर्टात बघून घेऊ’ या भरवशावर राहू नका, जे करायचं ते झडती चालू असताना करा.

म्हणजे काय? घरातलं एक माणूस प्रत्येक खोलीत पोलिसांबरोबर राहू दे, तो तुमचा हक्क आहे. बाईची अंगझडती बाईच घेईल. आता नव्या संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडतीचं आणि यादी करण्याचं चित्रीकरण पोलिसांवर बंधनकारक आहे, तेव्हा ‘रेकॉर्डिंग चालू आहे ना?’ हे मोठ्याने विचारा. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. आणि आवाज चढवू नका, अंगावर तर मुळीच जाऊ नका.

मी वकील नाही, हे आधी लिहायला हवं होतं. इन्कमटॅक्स, ईडी, कस्टम्स यांचे कायदे निराळे आहेत. अमली पदार्थांच्या प्रकरणात अंगझडतीआधी राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याचा हक्क सांगावा लागतो. तो सांगितला नाही म्हणून आरोपी सुटलेले आहेत. आणि कोणाला अटक करायला म्हणून पोलीस घरात शिरले, तर तिथे १८५ नव्हे, ४४ कलम लागतं.

दाजी, तुम्ही इथे वाचत असता हे मला माहीत आहे. वॉरंटशिवाय झडती घेतली की त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात, आणि घरमालकाने अर्ज केला की मॅजिस्ट्रेटकडून त्या नोंदीची प्रत फुकट मिळते. (नव्या कायद्यात ती ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे पोचवायची मुदतही आहे.) मी अर्ज करायला निघाले तेव्हा ‘आता कशाला उकरताय’ म्हणालात. ती प्रत माझ्याकडे आहे. काय शोधायचं होतं तिथे एकच शब्द लिहिलाय, ‘कागदपत्रे’. तुमचं ऐकलं असतं तर घराचं खरेदीखतही त्याच एका शब्दात गेलं असतं.