धनुर्धारी खरा, पण राम नव्हे

प्रश्न : मी हुपरीचा चांदी कारागीर. मोडीच्या चांदीत एक जाड, वेडंवाकडं नाणं आलंय. एका बाजूला मुकुट घातलेला, गुडघा टेकलेला माणूस, हातांत धनुष्य आणि भाला. मागे नुसता खड्डा. अक्षर एकही नाही. वजन ५.४ ग्रॅम. घरचे म्हणतात रामटंका आहे, देव्हाऱ्यात ठेवा. फोटो पाठवतोय.

उत्तर : भाऊ, आधी ते मुशीपासून लांब ठेवा आणि चिंचेनं घासू नका. हा राम नव्हे, प्राचीन इराणच्या हखामनी घराण्यातला राजा. नाण्याला सिग्लॉस म्हणतात. वजन जुन्या (११.६६ ग्रॅमच्या) तोळ्याच्या निम्म्याला जरा कमी. तुमचं बरोबर जुळतं. असे २० दिले की दारिक नावाचं एक सोन्याचं नाणं मिळे. याच घराण्यातल्या सम्राट पहिल्या दारियसच्या काळात (इ.स.पू. ५२२–४८६) हा धनुर्धर नाण्यावर आला. ही नाणी मुख्यतः आजच्या तुर्कस्तानातल्या सार्डिसला पाडली जात.

खड्ड्याचं कोडं तुम्हाला चटकन उलगडेल. राजाचा ठसा खाली ऐरणीत बसवलेला. त्यावर तापवलेली चांदीची गोळी ठेवायची आणि वरून पंच धरून घण घालायचा. खड्डा त्या पंचाचा. फोटोत राजाच्या खांद्याजवळ बारीक चंद्रकोर उमटलीय, ती नंतरची. अशा खुणा सराफ मारत. माझे वडील कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सराफी करायचे. नाणं हातात आलं की आधी कस लावायचे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या सराफालाही चांदीची तशीच खातरी हवी होती, हे त्या चंद्रकोरीत दिसतं आणि मला फार जवळचं वाटतं.

गुडघा मात्र टेकलेला नाही, राजा धावतोय. धावणं दाखवायची ती जुनी रीत. इराणमधल्या नक्श-ए-रुस्तम इथल्या आपल्या कबरीवर दारियसनं कोरून ठेवलंय, की पायी असो वा घोड्यावर, मी उत्तम तिरंदाज आहे. तरी नाण्यावरचा चेहरा एका माणसाचा नाही. पुढच्या राजांनीही तोच धनुर्धर चालवला, म्हणून नावाची गरज पडली नाही. आपल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत इथल्या प्राचीन कुर राजांची शिशाची नाणी सापडली, त्यांवरही बाण लावलेलं धनुष्य आहे. तिथं राजाचं नाव ब्राह्मीत आहे, राजा मात्र नाही!

आता कडेला भिंग लावून बघा. सांध्याची रेघ दिसली तर नाणं ओतीव, म्हणजे नकली. नसेल तर नाणं घेऊन कोल्हापूरला या.