कॅम्परव्हॅन शेडमध्ये ठेवावी की उघड्यावर?

चार-पाच महिने कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, उभीच राहणार असेल तर शेडच घ्या, भाडं जास्त पडलं तरी. कॅम्परची वाट लावतं ते ऊन आणि पाणी, उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांनी छताच्या जॉइंटचं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, कडक होऊन तडकतं मग तिथून पाणी झिरपतं आणि भिंतीतलं लाकूड आतल्या आत कुजत जातं, बाहेरून काही दिसतही नाही. टायरलाही चिरा पडतात. फक्त शेडच्या बुकिंगआधी गाडीची उंची मोजा, छतावरचा एसी धरून!

उघड्यावरच ठेवायची असेल तर हवा खेळती राहील असं कव्हर घाला, प्लास्टिकची ताडपत्री अजिबात नको, आत दमटपणा साचून बुरशी धरते. टायर वेगळे झाका आणि महिन्यातून एकदा तरी छताचे जॉइंट बघून या.