तिसरी बॅटरी घेऊ नका, आधी अर्थिंग बघा

बॅटरी बदलूनही गाडी सकाळी सुरू होत नाही, ही तुमची पोस्ट वाचली आणि माझी १९९४ ची महिंद्रा कमांडर जीप डोळ्यासमोर आली. डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा वेळेवर विझतो, तरी सकाळी स्टार्टर नुसता कण्हतो, आणि आठ महिन्यांत दुसरी बॅटरी. डिट्टो माझंच. बेल्ट, टर्मिनलवरचा पांढरा थर वगैरे तुम्ही पाहिलंच असणार, त्यात शिरत नाही.

कुणी मेकॅनिक "गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून बघू, बंद नाही पडली म्हणजे चार्जिंग झकास" म्हणाला, तर त्याच्या हातातला पाना काढून घ्या. मी घेतला नाही. अहो, आपली जुनी डिझेल, पंप मेकॅनिकल. एकदा सुरू झाली की बॅटरी ठेवा नाहीतर घरी न्या, ती चालतच राहते. म्हणजे त्यातून कळलं काय? शून्य. उलट चार्जिंग चालू असताना टर्मिनल सुटलं की अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) व्होल्टेज एकदम उसळतं आणि त्याच्या आतले डायोड उडतात. माझे उडाले. तोवर नीट विझणारा दिवा त्या दिवसापासून मिणमिणायला लागला. "बघा, मी म्हणत होतो ना अल्टरनेटरच गेलाय," हे वर ऐकून घेतलं आणि दुरुस्तीचे पैसेही त्यालाच दिले. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा धक्क्यावर.

शेवटी मल्टीमीटर घेऊन स्वतःच बसलो. इंजिन चालू, हेडलाइट चालू. अल्टरनेटरच्या जाड वायरीच्या बोल्टापासून त्याच्याच बॉडीपर्यंत १४.२ व्होल्ट. बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर १३.१. मधले १.१ गेले कुठे? एक लीड अल्टरनेटरच्या बॉडीला, दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली, तर एक व्होल्ट! तिथे ०.२ च्या वर दिसायला नको. पावसाळ्याआधी चेसिसला काळा रंग मारून घेतला होता, आणि इंजिनपासून चेसिसला येणारी अर्थिंगची विणीची पट्टी, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट, त्या रंगावरच आवळली होती. रंगातून करंट नीट जात नाही. दिवा विझतो म्हणजे अल्टरनेटर वीज बनवतोय एवढंच. ती बॅटरीत पोचते की नाही, ते दिवा सांगत नाही.

खूण आधीच होती, मला कळली नाही. सकाळी बराच वेळ स्टार्टर मारला की इंजिन बंद करायची ओढतार हाताला गरम लागायची. स्टार्टरचा करंट पट्टी सोडून त्या तारेतून परतत होता. तुमची लागते का बघा, पण चटका बसेल, जपून.

रंग खरवडून चकचकीत धातूवर पट्टी बसवली, वरून ग्रीस. आमच्याकडे दापोलीला खारी हवा, त्यामुळे ग्रीस हवंच. खर्च म्हणाल तर फक्त नव्या पट्टीचा. दोन बॅटऱ्यांचे पैसे मात्र गेले ते गेलेच. वॉरंटीच्या काउंटरवर दर वेळी चार्ज करून "बॅटरी ओके" म्हणत परत देतात, आणि ती खरंच ओके असते हो, तिथेच तर घोळ आहे.

मी काही ऑटो इलेक्ट्रिशियन नाही, तुमचा फॉल्ट वेगळाही असेल. दोन रात्री इंजिन बंद केल्यावर मायनस काढून ठेवा. सकाळी गाडी टणकन सुरू झाली, तर कुठेतरी करंट गळतोय, मग माझी पट्टी विसरा. नाहीतर वरचे तिन्ही आकडे घेऊन इथे टाका. हेडलाइट लावूनच घ्या, नाहीतर सगळं छानच दिसेल.